डावीकडे कललेली रेघ

रोशबेल, ३ सप्टेंबर १९३३

ती. सौ. झेलीताईस,
फिलिबेरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं की आधी बसून घे. बातमी चांगली की वाईट, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. गेल्या सोमवारपासून मी तेओदूलकाकांच्या तळघरात कामाला लागलो आहे. होय, तेच तेओदूल बुव्हरे, तुझे धर्मपिता आणि बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. त्यांचा गडी नेस्तोर शिडीवरून पडला, कंबर मोडली, आणि द्राक्षं उतरवायच्या तोंडावर त्यांना माणूस हवं होतं. दुसऱ्यांच्या वेली छाटून माझं किती दिवस भागणार?

कामावर घेताना त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि पाच माणसांसमोर विचारलं की झारी दिसली की बापासारखे तुझेही हात शिवशिवतात का रे? सगळे हसले. मीही हसलो, ताई. तेच जास्त लागलं. हौदावर पाणी भरणाऱ्या बायका अजून आपल्या घराला झारीवाल्याचं घर म्हणतात.

काम तसं माझ्या स्वभावाचं आहे. दर शनिवारी तांबड्या आणि पांढऱ्या वाइनच्या पिंपांत आटलेली तूट झारीने भरायची आणि भरल्याची खूण म्हणून पिंपाच्या पुढच्या गोल झाकणावर खडूने एक रेघ ओढायची. मागच्या खोलीतल्या पिवळ्या वाइनकडे मात्र झारी न्यायचीही नाही. ते मला काकांनी असं समजावलं, जणू मी पॅरिसहून उतरलोय. पिवळीची तूट सहा वर्षं तीन महिने भरायची नाही. वाइन आटत जाते, तिच्यावर साय धरते, आणि ती सायच तिला सांभाळते. वरून एक झारी ओतली तर साय फाटून बुडते आणि वर्षभरात वाइन आंबते. क्लोव्हिस पेर्नोदेच्या मुलाला हे शिकवत होते! मी मान हलवत राहिलो.

त्या खोलीत अकरा पिंपं आहेत. त्यांवर १९२८ लिहिलं आहे आणि खाली आपल्या उताराचं नाव, 'खडकावरचा'. उतार काकांना विकल्यावर बाबांनी मजूर म्हणून खुडलेली तीच शेवटची द्राक्षं. ल्यॉंच्या हॉटेलवाल्याने अकराच्या अकरा आताच सांगून ठेवली आहेत. पूर्वी तो काकांच्या फाटकासमोरून गाडी न थांबवता आपल्याकडे यायचा, आठवतं? वारा बघून त्या खोलीची खिडकी उघडायचं काम माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी तिथे टोपी काढून आत जातो.

रागावलीस तरी उत्तर पाठव. न पाठवलंस तर मी पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं की काय, म्हणून काळजी करत बसेन.

तुझा धाकटा,
फिलिबेर


बेझाँसों, ९ सप्टेंबर १९३३

चि. फिलिबेर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बसून घे म्हणालास, म्हणून मी उभ्याने वाचलं. तुझं अक्षर नेहमीसारखं देखणं, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. बाराव्या वर्षी शाळा सुटली तरी मास्तरांचा लाडका तो लाडकाच. पण एवढ्या सुरेख अक्षरात एवढी लाजिरवाणी गोष्ट लिहिताना टाक अडखळला नाही का रे?

तो माणूस बाबांच्या पेटीला खांदा देऊन स्मशानात आला, आणि तिथून परतताना वाटेतच आपल्या उतारावरच्या वेली मोजत थांबला होता. मी पाहिलंय. माझ्या लग्नात त्याने तांब्याचं पातेलं दिलं, ते मी कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरते. आमचे हे म्हणतात की सात वर्षं होत आली, आता सोडून दे. यांचं काय, घड्याळ बिघडलं की चाक बदलतात. बाप कुठून बदलायचा?

मला सत्तावीसचा तो फेब्रुवारी विसरता येत नाही. बाबा आठ दिवस तापात होते. ताप उतरला तर आपल्या आठही पिवळ्या पिंपांवर खडूच्या रेघा. गावाने ठरवलं की तापाच्या भ्रमात बाबाच उठले आणि झारी घेऊन सगळी भरून आले. बाबांनीही मान्य केलं. बिचाऱ्यांना आठवतच नव्हतं, नाही म्हणणार कसं? उन्हाळ्यात आठही पिंपं आंबली, सिरकेवाला येऊन ती वाइन सिरक्यासाठी घेऊन गेला, आणि ज्या माणसाच्या जिभेवर अख्खा डोंगर विश्वास ठेवायचा, तो स्वतःच्या हातांकडे संशयाने बघायला लागला. पाण्याचा पेला भरतानाही आपल्याला विचारायचे की भरू ना? उतार विकला तोसुद्धा, आता माझ्या हातात द्राक्षं देऊ नका, असं म्हणत.

आणि त्या उताराची वाइन ल्यॉंचे लोक तेओदूलच्या नावाने पिणार! तुझ्याकडे झारी आहे, खिडकीचं काम आहे. एवढं पुरे आहे. पुढचं मी लिहीत नाही, तू समजायला लहान नाहीस.

जेवणात हयगय करू नकोस. माया आहे म्हणूनच एवढी खरडपट्टी.

झेली


रोशबेल, १ ऑक्टोबर १९३३

ती. सौ. झेलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वाचून चुलीत टाकलं. हेही वाचून झालं की टाक. नंतर आठवणीने कळव, म्हणजे मी निश्चिंत होईन.

काल शनिवारी नेहमी माझ्याकडे असलेलं तूट भरायचं काम काकांनी स्वतः केलं, कारण माझ्या अंगठ्याला कोयत्याचा घाव होता. मी दिवा धरून मागे उभा होतो. काका उजव्या हाताने जेवतात, उजव्या हाताने सही करतात, हे तू आणि मी लहानपणापासून बघत आलोय. पण काल उजव्या हातात जड झारी होती म्हणून त्यांनी खडू डाव्या हातात घेतला, आणि रेघ अशी सहज ओढली की मी बघतच राहिलो. डाव्या हाताची माणसंच अशी ओढतात. मी विचारलं, तर हसून म्हणाले की जन्माचा डावखुराच होतो, मास्तरांनी पट्टीने बोटं फोडून उजवा केला. बाहेर उजवा, तळघरात डावा, इथे कुठे मास्तर येतोय?

ताई, उजव्या हाताची रेघ वरून उजवीकडे कलते. बाबांची तशी होती, माझीही तशीच आहे. काकांची डावीकडे कलते.

आता नीट वाच. बाबांच्या त्या आठ पिंपांपैकी एकाचं गोल झाकण तू मागून नेलंस आणि त्याचं स्वयंपाकघरात टेबल केलंस. त्यावरची खडूची रेघ बाबांनी पुसू दिली नव्हती. आपली चूक आपल्याला दिसत राहावी म्हणून वरून रोगण दिलं होतं. तू त्याच्यावर मेणकापड घालतेस. ते काढ. लाकडावर बाबांची सी. पी. ही अक्षरं डागलेली आहेत. ती सरळ वाचता येतील अशी उभी राहा. आडवी उभी राहिलीस तर रेघेचा कल उलटा दिसेल, म्हणून हे दोनदा तपास. मग रेघ कुठे कलते ते मला कळव. अंदाजाने लिहू नकोस.

उत्तर येईपर्यंत मी काही करणार नाही, काही बोलणार नाही. आशीर्वाद असू दे.

फिलिबेर


बेझाँसों, ५ ऑक्टोबर १९३३

चि. फिलिबेर यास आशीर्वाद.

डावीकडे.

तीनदा पाहिलं. यांनाही उभं करून पाहायला लावलं, यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. डावीकडेच. चार वर्षं मी त्या रेघेवर कांदे चिरले, कणीक मळली, मुलाला त्याच्यावर बसवून भरवलं.

आता सगळं आठवतंय. बाबा तापात असताना बाकीच्या पिंपांची तूट कोण भरून जात होतं? मित्र! रोज संध्याकाळी येऊन बाबांच्या कपाळावर हात ठेवून विचारायचा की क्लोव्हिस, बरं वाटतंय का? मी त्याला सूप वाढायचे. वाडगा पुसून प्यायचा. आणि पिवळ्यांच्या खोलीत तर मी पाऊलही ठेवलं नाही, असं त्याने सगळ्या गावासमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. वीस वर्षं उतार मागत होता, बाबा देत नव्हते. एका आठवड्यात, आठ झाऱ्यांत काम झालं.

आता मला शहाणपण शिकवू नकोस. आठाला आठ नव्हे, अकराला अकरा. अगदी वरून ओत, साय चांगली फाटू दे. त्याच्या जिभेला ते वर्षभराने कळलं पाहिजे, तेव्हा मी स्वतः गाडीने येऊन त्याचं तोंड बघणार आहे. एकही सोडलंस तर मला ताई म्हणू नकोस.

दोन्ही पत्रं चुलीत टाकली. निश्चिंत हो.

झेली


रोशबेल, २९ ऑक्टोबर १९३३

ती. सौ. झेलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, क्षमा कर. उतारावर खुडणी चालू आहे. सकाळी बोटं गारठतात, दुपारी माश्या.

गेल्या मंगळवारी सगळे वर उतारावर असताना मी झारी भरून मागच्या खोलीत गेलो. पहिल्या पिंपाचं बूच काढलं. आत मेणबत्तीच्या उजेडात साय दिसली, राखाडी, बारीक सुरकुत्यांची, म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या कातड्यासारखी. वास आला, ओल्या अक्रोडाचा. ताई, बाबांच्या कोटाला हाच वास यायचा.

मी झारी तिरकी केली होती. एवढ्यात मनात आलं की ही अठ्ठावीसची खुडणी. बाबा खोकत होते, पाटी पाठीवरून उतरवू देत नव्हते, आणि काका खालून ओरडत होते की क्लोव्हिस, पाटी भर, भरण्यात तर तू पटाईत! माणसं हसत होती. बाबांनी पाटी भरली. त्या सगळ्या पाट्या या अकरा पिंपांत आहेत. मी ओतलं असतं तर बुडालं कोण असतं? काकांकडे आणखी चाळीस पिंपं आहेत. बाबांचं जगात एवढंच उरलंय.

मी झारी परत आणली आणि बूच होतं तसं बसवलं. कोणत्या बाजूला किती ठोकलेलं होतं, तेही आधी पाहून ठेवलं होतं.

तू मला भित्रा म्हणशील. म्हण. पण सोडून दिलंय असं समजू नकोस. मी शाळेतली जुनी पाटी माळ्यावरून काढली आहे. रोज जेवण झालं की अर्धा तास तिच्यावर डाव्या हाताने रेघा ओढतो. पहिल्या दिवशी वेड्यावाकड्या आल्या. आता माझी रेघ आणि काकांची रेघ शेजारी ठेवली तर मलाच ओळखता येत नाही. येत्या बुधवारी सर्व संतांचा दिवस, सगळं गाव फुलं घेऊन स्मशानात जाईल. मीही जाईन, फक्त थोडा उशिरा.

सध्या एवढंच. तू नेहमी मनात असतेस, मलाही मनात ठेव.

फिलिबेर


बेझाँसों, ३ नोव्हेंबर १९३३

चि. फिलिबेर यास आशीर्वाद.

पाटीवर रेघा ओढतोस? तुला मी सांगितलं होतं काय आणि तू बसलास गिरवत! बाबांच्या पाट्यांचं वाचून रडले, हे खरं. पण रडून झाल्यावर पुन्हा तेच वाटतं की त्याने हसत हसत मरू नये. काय करायचंय ते लवकर कर. मेणकापड मी काढून टाकलंय. रोज ती रेघ बघत स्वयंपाक करते आणि सगळं खारट होतं. हे गप्प खातात.

रागातलीच, पण तुझीच,
झेली


रोशबेल, १२ नोव्हेंबर १९३३, रविवार

चि. सौ. झेली हिस,
धर्मपिता तेओदूल बुव्हरेचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

अक्षर वेडंवाकडं आहे. डाव्या हाताने लिहितोय. तुझ्या भावाची तशी अट आहे. आज प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हेच पत्र मी गावाला मोठ्याने वाचून दाखवलं. फादर माझ्याशेजारी उभे होते. आता ते टपालात टाकतो.

सर्व संतांच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलो तर अकराही पिंपांवर रेघा. माझ्या हाताच्या, डावीकडे कललेल्या. माझं वय अडुसष्ट. गेल्या वर्षी दोनदा फाटक लावायचं विसरलो होतो. मला वाटलं, आपणच हे केलं. बुचं काढून मेणबत्तीने आत पाहिलं. साय दिसत होती, पण अखंड आहे की पलीकडे फाटलेली, हे एवढ्याशा भोकातून कळत नाही. तुझ्या बापाला जे वाटलं असेल, ते मला नऊ दिवस वाटत होतं. बायकोने पेला भरायला सांगितला तर माझा हात थबकायचा.

पोराचा संशय आला नाही असं नाही. पण त्याच्यावर आळ घ्यायचा, तर खडूच्या रेघेवर भरवसा ठेवू नका, ती कुणीही ओढू शकतो, असं मलाच गावाला सांगावं लागलं असतं. आणि सत्तावीस साली त्या रेघांवर भरवसा ठेवायला गावाला मीच शिकवलं होतं. मग मी गप्प राहिलो. बोभाटा होण्याआधी निदान पिंपं जावीत, म्हणून शुक्रवारी सिरकेवाल्याला निरोप धाडायला निघालो.

तो दारात उभा होता. टोपी हातात घेऊन, नेहमीसारखा, खाली बघत. म्हणाला की काका, वाइन चांगली आहे, रेघा मी ओढल्यात. झेलीताईच्या टेबलावर बाबांच्या पिंपाची रेघ आहे ना, तशाच. मी त्याला चोर म्हणालो, साप म्हणालो, घालवून देतो म्हणालो. तो म्हणाला की घालवा, पण मग सिरकेवाल्यालाही बोलवा, कारण मी गेलो की वाइन खरंच चांगली आहे की नाही, हे तुम्हाला सांगणार कोण? मग त्याने अट सांगितली.

म्हणून लिहितो. क्लोव्हिस पेर्नोदेने आपली पिंपं भरली नाहीत. मी भरली. तो तापात होता आणि मी त्याचा मित्र होतो. मला उतार हवा होता. ल्यॉंची गाडी माझ्या फाटकासमोरून पुढे जायची, ते मला सोसत नव्हतं. रेघ ओढताना मास्तरांची पट्टी विसरलो, एवढीच चूक झाली, असं मी बरीच वर्षं समजत आलो. चूक ती नव्हती. वाचून दाखवताना गावात कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

रेघा फिलिबेरने माझ्यासमोर पुसल्या. पण पुसून झाल्यावर फडकं नीट घडी करून ठेवताना तो म्हणाला की अकरापैकी एका पिंपात मी खरंच झारी ओतली आहे. कुठल्या ते विचारलं तर सांगत नाही. झेली, तू विचार त्याला. तुझं तो ऐकतो. सुपाचे आठ वाडगे मी तुझ्या हातचे प्यालो आहे, एवढ्याच जोरावर मागतोय.

तेओदूल बुव्हरे


रोशबेल, २६ नोव्हेंबर १९३३

ती. सौ. झेलीताईस,
फिलिबेरचा शि. सा. न. वि. वि.

तुझी तार मिळाली. तारेत एवढे शब्द घालायला किती खर्च आला असेल, याचीच मला आधी काळजी वाटली.

हौदावरच्या बायकांनी काल मला पेर्नोदे म्हणून हाक मारली. मी मागे वळून पाहिलं, कुणी दुसरा आहे की काय म्हणून. नेस्तोर कुबड्या घेऊन बाबांच्या थडग्यापर्यंत चालत गेला आणि टोपी काढून बराच वेळ उभा राहिला. अठ्ठावीसच्या त्या खुडणीला तोच सगळ्यात जोरात हसला होता. मी लक्षात ठेवलंय, एवढंच.

काका मला कामावरून काढत नाहीत. काढू शकत नाहीत. रोज पहाटे माझ्या आधी मागच्या खोलीत येतात, पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक पिंपाला कान लावतात, बोटाने टकटक करतात, बुचापाशी नाक नेतात. मग माझ्याकडे बघतात. मी खिडकी उघडतो, वारा कुठून आहे ते सांगतो. कालपासून पाचव्यापाशी जास्त थांबायला लागलेत. काल मी झारी घासत असताना त्यांनी हात जोडून विचारलं की बाबा रे, निदान डावीकडची ओळ की उजवीकडची, एवढं तरी सांग. मी म्हणालो की काका, मला आठवत नाही. तापात होतो.

आता तू तारेत विचारलंस त्याचं उत्तर. हे पत्र वाचून चुलीत टाक आणि भाऊजींनाही सांगू नकोस. मी एकाही पिंपात थेंब ओतलेला नाही. अकराही पिंपं बाबांनी पाठीवरून आणली तशीच आहेत, साय कुठे फाटलेली नाही. वाइन फार सुरेख होणार आहे. बुचापाशी वास घेतला की मला हसू येतं.

पिंपं उघडायला अजून चौदा महिने आहेत. घाई नाही.

टेबलावर आता मेणकापड घालायला हरकत नाही. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
फिलिबेर